बोट किती फुटी घ्यावी?

व्हर्जिनियात राहणाऱ्या एका तरुण स्नेह्याचा मध्यंतरी दूरध्वनी आला. त्याला शिडाची बोट घ्यावयाची आहे. दोन उन्हाळे शिकवणीच्या वर्गांना जाऊन तो शिडे चढवायला-उतरवायला शिकला. आता चेसापीकच्या उपसागरात काठाकाठाने हिंडावे, शनिवारी एखाद्या खाडीत नांगर टाकून रात्र काढावी आणि रविवारी संध्याकाळी परतावे, एवढीच त्याची माफक इच्छा आहे. प्रश्न एकच होता, "किती फुटी घेऊ?"

ज्या सुरात त्याने हे विचारले तो सूर माझ्या परिचयाचा होता. पुण्यात किंवा ठाण्यात जागा पाहत हिंडणारी माणसे "किती स्क्वेअर फूट?" असे ज्या सुरात विचारतात, तोच हा सूर. २००९ साली मीही हाच प्रश्न याच सुरात विचारला होता, आणि मला जे उत्तर मिळाले त्याची किंमत माझ्या पत्नीने मोजली. त्यामुळे दूरध्वनीवर एक आकडा सांगून मोकळे होणे मला जमले नाही.

जागेचा व्यवहार चौरस फुटांत होतो. त्यातही कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप असे तीन अवतार असतात आणि जिना, लिफ्ट, गच्चीवरची टाकी यांचा वाटाही आपल्याच माथी येतो, हे मध्यमवर्गीय मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. बोटीचा व्यवहार नुसत्या फुटांत, म्हणजे लांबीवर होतो. अवतार इथेही तीन आहेत. नाळेच्या पुढे आलेला कठडा आणि मागची पोहायला उतरण्याची फळी धरून होणारी एक लांबी, नुसत्या सांगाड्याची दुसरी आणि पाण्याला प्रत्यक्ष टेकलेल्या रेषेची तिसरी. धक्क्याचे भाडे बहुधा पहिलीवर आकारतात. बोट मात्र तिसरीवर चालते.

परंतु खरी गफलत याच्याही पुढे आहे. जागा ही क्षेत्रफळाची वस्तू आहे. बोट ही घनफळाची वस्तू असून आपण तिला लांबीने मोजतो. एक उदाहरण देतो. अमेरिकेत कॅटालिना या नावाच्या बोटी १९७०च्या दशकापासून हजारोंनी बनल्या आणि जुन्या बाजारात आजही मुबलक मिळतात. त्यांतल्या बावीस फुटीचे वजन अडीच हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे अकराशे किलोंच्या थोडे वर आहे. तीस फुटीचे वजन १०,२०० पौंड, म्हणजे ४६०० किलोंहून अधिक. लांबी दीडपटसुद्धा झाली नाही आणि वजन चौपट झाले! ज्यांना पौंड-किलो डोळ्यांसमोर येत नाहीत त्यांनी आपली जुनी मारुती ८०० आठवावी. बावीस फुटी बोट म्हणजे पावणेदोन मारुती, तीस फुटी म्हणजे सात. सात मारुती एकमेकींना बांधल्या आहेत, खाली रस्त्याऐवजी पाणी आहे आणि ब्रेक नावाची वस्तू अस्तित्वात नाही, असे चित्र नवशिक्याने एकदा तरी मनाशी रंगवावे. जाहिरातीत ते नसते.

या चौपटीच्या बदल्यात वेग किती वाढतो? पाणी बाजूला सारत जाणारी जड बोट आपणच उठवलेल्या लाटेत अडकलेली असते. पाण्यालगतच्या लांबीचे फुटांमधले वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ ने गुणले की तिची धाव ताशी किती सागरी मैलांची, हे ढोबळमानाने कळते. या हिशेबाने बावीस फुटीला ५.९ मिळतात आणि तीस फुटीला ६.७. वीस सागरी मैलांवरच्या मुक्कामी मोठी बोट लहानीच्या आधी पोहोचली तर पंचवीस मिनिटे आधी पोहोचते. वारा पडला (चेसापीकवर जुलै-ऑगस्टात तो हटकून पडतो) तर दोघीही सारख्याच उभ्या राहतात.

मोठ्या बोटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हे सारे कोल्ह्याची द्राक्षे ठरेल. एकाच घडणीच्या दोन बोटी घेतल्या आणि एकीची लांबी दुसरीच्या दुप्पट असली, तर मोठीला कलवणारा वाऱ्याचा जोर आठपट होतो आणि तिचा ताठ राहण्याचा जोर सोळापट. म्हणून मोठी बोट वाऱ्यात कमी झुकते, लाटांवर कमी आपटते, आतले भांडे कलंडत नाही आणि माणसाचे पोट ढवळत नाही. "मोठी बोट अधिक सुरक्षित" हे विधान उघड्या समुद्रावर खरेच आहे. फक्त काठाकाठाने हिंडणाऱ्या नवशिक्याचे अपघात उघड्या समुद्रावर होत नाहीत. निदान माझ्या पाहण्यातले सगळे धक्क्यापासून दहा-पंधरा फुटांच्या आत झाले.

हे शहाणपण २००९ साली नव्हते. त्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. ही बोट छप्पन फुटी होती. आपल्यापैकी एक माणूस छप्पन फुटी बोट एकटा हाकतो आहे, या बातमीने मला जो ज्वर चढला तो उतरवण्याचा प्रयत्न मी केला नाही. ऑक्टोबरात अ‍ॅनापोलिसला शिडाच्या बोटींचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे पादत्राणे काढून आम्ही देवळात शिरावे तसे एकेका बोटीत शिरत होतो. आत ताठ उभे राहता येते, हे मला सर्वांत भावले. पत्नी म्हणाली, "गिरगावातल्या आपल्या मोरीपेक्षा इथली मोरी ऐसपैस आहे." ते खरे होते, आणि तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते की आम्ही दोघेही बोट पाहत नव्हतो, बिऱ्हाड पाहत होतो.

नव्या बोटींच्या किमती ऐकून आम्ही जुन्यांच्या शोधाला लागलो. एका दलालाने मला जे सांगितले ते या व्यवसायातले सनातन वचन आहे. प्रत्येक बोटवाल्याला 'दोन फुटांचा रोग' होतो, म्हणजे असलेल्या बोटीपेक्षा दोन फूट लांब बोट हवीशी वाटते. तेव्हा लहान घेऊन दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा शेवटची बोट आधीच घ्या. मला हे एकदम पटले, कारण माझे सगळे बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेले आहे. शाळेचा सदरा दोन बोटे सैल घ्यायचा, चड्डी गुडघ्याखाली घ्यायची, तिसऱ्या वर्षी ती अंगासरशी बसायची आणि तोवर विटलेली असायची. मी वाढत्या अंगाची बोट घेतली. ती तीस फुटी होती.

कोळ्यांच्या बोलीत दोन शब्द आहेत. बोट ज्याच्या मालकीची तो नाखवा आणि ती जो चालवतो तो तांडेल. पुष्कळदा दोन्ही एकच माणूस असतो, तरीही शब्द दोन राहिले आहेत, ते उगाच नव्हे. सही केली त्या दुपारी मी नाखवा झालो.

पहिल्या मोसमात, म्हणजे एप्रिल ते जून २०१०, ती बोट धक्क्यावरून नऊ वेळा हलली. हा आकडा मी नंतर नोंदवहीत मोजला. तेव्हा मला वाटे की आम्ही सतत पाण्यावरच आहोत, आणि एका अर्थी होतोही. दर शनिवारी जायचे, फरशी पुसायची, पितळ घासायचे, दोऱ्या गुंडाळून ठेवायच्या, गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा करायचा आणि वारा पाहायचा. वारा जास्त असे, नाहीतर कमी असे, नाहीतर आडवा असे. तिसरा माणूस मदतीला असेल तर निघू, असे ठरे, आणि तिसऱ्या माणसाच्या मुलाचा नेमका त्याच दिवशी फुटबॉलचा सामना असे. साऱ्या उपसागरात सर्वांत महाग गच्ची आमची होती. तिचे भाडे मी फुटावर भरत होतो.

मला भीती वाटत होती, हे मी कोणालाही सांगितले नाही. शिडांची भीती वाटत नव्हती. बाहेर पडल्यावर ती बोट फार सुरेख चाले, याबद्दल तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. भीती होती ती परत येऊन गाळ्यात शिरण्याची. धक्क्यावर प्रत्येक बोटीला एकेक गाळा असतो, त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाण्यात रोवलेले जाड लाकडी खांब असतात. तीस फुटी बोट अकरा फूट रुंद असते आणि गाळ्याला तिच्याहून फार सैल असण्याचे कारण नसते. शिवाय तिची बाजू पाण्याबाहेर उंच असल्याने शिडे उतरवली तरी वारा तिला ढकलतच राहतो. इंजिन उलटे फिरवले तर एकटा पंखा आधी बोटीची मागची बाजू एका अंगाला ओढतो आणि मग वेग कमी करतो. या साऱ्या गोष्टी तांडेलाच्या हाताला माहीत असतात. मी त्या वाचल्या होत्या.

जून २०१० मधल्या एका रविवारी आम्ही दोघेच परतत होतो. नैर्ऋत्येचा वारा होता, फार नव्हता, पण आडवा होता. गाळ्याच्या तोंडाशी आलो तेव्हा वेग चालत्या माणसाइतका असेल, आणि तो थोडा जास्त होता. नाळ वाऱ्याने उजव्या खांबाकडे वळू लागली. मी इंजिन उलटे टाकले, तशी मागची बाजू भलतीकडे सरकली आणि नाळ अधिकच वळली. पत्नी पुढे दोरी घेऊन उभी होती. मी ओरडलो, "धर!"

तिने धरले. म्हणजे खांब आणि बोट यांच्यामध्ये डावा हात घातला. आवाज अगदी लहान झाला, ओली काटकी मोडावी एवढाच. बोटीला काहीही झाले नाही. बाजूला वीतभर ओरखडा उमटला, तो पुढे मीच पॉलिश करून घालवला. तिच्या मनगटाची दोन्ही हाडे मोडली होती.

त्या रात्री रुग्णालयात, औषधाच्या गुंगीत जाण्यापूर्वी ती म्हणाली, "तू 'धर' म्हणालास." आवाजात तक्रार नव्हती. कोणीतरी विचारल्यावर घडले ते सांगावे तसे ते वाक्य होते. पुढे पुष्कळ दिवस मी त्या एका शब्दाचा विचार करत होतो. तो शब्द माझ्या तोंडी कोठून आला? मी ज्या बोटीवर शिकलो ती 'फ्लाइंग स्कॉट' होती. एकोणीस फुटी, मेरीलँडच्याच डोंगराळ भागात बनणारी, साडेआठशे पौंडांची, म्हणजे चारशे किलोंच्या आतली. तिच्यात धक्क्याशी आले की शिक्षक म्हणत, "होल्ड इट," आणि आम्ही हात पुढे करून धक्का धरत असू. बोट थांबे. हाताला थोडी कळ लागे, इतकेच. चारशे किलोंच्या बोटीवर शिकलेले क्रियापद मी साडेचार हजार किलोंच्या बोटीवर वापरले होते. हातपाय मध्ये घालून बोट अडवू नये, हा नियम प्रत्येक पुस्तकात पहिल्या दहा पानांत असतो. तो मला तोंडपाठ होता. पण घाईच्या क्षणी तोंडातून पाठांतर बाहेर येत नाही, सवय बाहेर येते, आणि माझी सवय लहान बोटीची होती.

त्यानंतर ती बोट त्या वर्षी पाण्यावर गेली नाही. हिवाळ्यात तिला बाहेर काढून पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले, आणि मी घरी बसून बोटींविषयी वाचू लागलो. पत्नीचा हात प्लास्टरमधून निघाला होता, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. ती खुर्चीत बसून रबराचा चेंडू दाबत असे. मी तिला 'सुहैली'ची हकीकत वाचून दाखवली. शिडाच्या बोटीतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. जून १९६८ मध्ये तो इंग्लंडातील फॅल्मथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, एप्रिल १९६९ मध्ये, तेथेच परतला. त्याची 'सुहैली' मुंबईत बांधली गेली होती, हिंदुस्थानी सागवानात. (सुहैल म्हणजे अरबांचा अगस्त्य तारा. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचेच नाव आपणही त्याला दिले आहे, हा योगायोग मला फार आवडतो.) लांबी बत्तीस फूट. वेग सरासरी ताशी जेमतेम चार सागरी मैल.

वाचून झाल्यावर मी म्हणालो, "बत्तीस फूट! आपल्यापेक्षा फक्त दोन फूट जास्त." यात माझे समर्थन दडले होते. छप्पन फुटी एकट्याने जाते, बत्तीस फुटी एकट्याने जाते, मग तीस फुटी दोघांना झेपू नये यात बोटीच्या मापाचा काय दोष? पत्नी चेंडू दाबत म्हणाली, "त्याचा धंदा काय होता?" व्यापारी जहाजावरचा अधिकारी, मी म्हणालो. बोट त्याने स्वतः उभे राहून बांधून घेतली होती, आणि प्रदक्षिणेला जाण्याआधी तीच बोट मुंबईहून इंग्लंडला नेली होती. "मग झाले तर," ती म्हणाली. दोंदे हे तर नौदलातले. तेही निघण्यापूर्वी बोट बांधली जात असताना तिच्याजवळ होते. या दोघांच्या बोटींचे आकडे मी घेतले होते आणि त्यांच्या हातांमागची वर्षे सोडून दिली होती.

मार्च २०११ मध्ये ती बोट विकली. तोटा झाला, तो सांगण्यासारखा नाही. पत्नी बोट सोड म्हणाली नाही आणि दुसरी घे असेही म्हणाली नाही. जुन्या बोटी पाहायला मात्र ती माझ्याबरोबर येऊ लागली, आणि आल्यावर एक विचित्र गोष्ट करी. मी आत शिरून फरशी ठोकून पाही, डोलकाठीच्या तारा चाचपी, लाकूड कोठे मऊ झाले आहे का ते बघे. ती धक्क्यावरच उभी राही, दोऱ्या सैल करायला लावी आणि उजव्या तळहाताने बोट हळूच लोटून देई. मग तोच हात लावून तिला थांबवू पाही. एक दलाल हसून म्हणाला, "मॅडम, पाण्यावर असली की कोणतीही बोट ढकलता येते." परतताना गाडीत ती मला म्हणाली, "ढकलायला सगळ्याच ढकलता येतात. थांबवता कोणती येते ते मी बघते आहे."

आम्ही बावीस फुटी कॅटालिना घेतली. तिची कील, म्हणजे तळाचा वजनदार पाता, चरकाने वर ओढून घेता येतो. पाता खाली असताना तिला पाच फूट पाणी लागते, वर असताना दोन फूट पुरते. चेसापीक हा उपसागर नावाला मोठा आहे (दक्षिणोत्तर सुमारे ३२० किलोमीटर), पण त्याची खोली सरासरी एकवीस फूट आहे, आणि त्याला येऊन मिळणाऱ्या शेकडो खाड्यांच्या तोंडाशी तर पाणी कमरेएवढेही नसते. जुन्या तीस फुटीला सव्वापाच फूट पाणी लागे. नकाशावरचा निम्मा उपसागर तिला वर्ज्य होता. खाडीत शिरता येणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंग्र्यांच्या गलबतांनी इंग्रज-पोर्तुगिजांना जेरीस आणले ते काही आकाराने मोठी होती म्हणून नव्हे. खोल तळाची जहाजे बाहेर घुटमळत असताना ती उथळ पाण्यात निघून जात. आमच्या आजोळी खाडीवर तर होती. ओहोटी लागली की तरीची होडी चिखलावर निवांत बसे आणि भरती आली की आपोआप उठे. त्यात कोणाला काही संकट वाटत नसे. पन्नास वर्षांनी, वाय नदीच्या एका फाट्यात, दोन-तीन फूट पाण्यात नांगर टाकून बसलो असताना मला ती होडी आठवली.

गैरसोयी पुष्कळ आहेत. आत उभे राहता येत नाही. वाकूनही नीट चालता येत नाही, रांगावेच लागते. शौचालय म्हणजे बाकाखाली सरकवलेला प्लॅस्टिकचा डबा. पाऊस लागला की दोन माणसांचे ओले कपडे, दोन माणसे आणि चहाचा टोप यांना एकाच पलंगाएवढ्या जागेत नांदावे लागते. सोळा-सतरा सागरी मैलांचा वारा समोरून आला की उपसागराच्या आखूड, उभ्या लाटांवर ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. अशा दिवशी मी जात नाही, किंवा अर्ध्यातून वळून जवळच्या खाडीत शिरतो. यात मला कमीपणा वाटत नाही, याचेच सुरुवातीला मला आश्चर्य वाटले.

२०११ च्या मोसमात आम्ही, म्हणजे बहुतांशी मी एकटाच, एकतीस वेळा पाण्यावर गेलो. बुधवारी कामावरून सुटून साडेपाचला धक्क्यावर पोहोचायचे आणि सहाला शिडे वर. तासाभरात दक्षिणेला टॉमस पॉइंटचे दीपगृह जवळ येई. खांबांवर उभे असलेले ते १८७५ सालचे षट्कोनी लाकडी घर एखाद्या पारशी बंगल्यासारखे दिसते. परत फिरायचे, अंधाराआधी गाळ्यात. पहिल्या महिन्यात गाळ्याच्या खांबांना मी सात-आठदा तरी धडकलो. प्रत्येक वेळी बोट उसळून बाजूला झाली, मी शरमलो आणि पुन्हा प्रयत्न केला. चुकण्याची किंमत इतकी कमी झाल्यावर हात शिकू लागतात. ऑगस्टअखेरीस आडव्या वाऱ्यात गाळ्यात शिरताना आपण श्वास रोखलेला नाही, हे मला एकदम जाणवले.

त्याच ऑगस्टमध्ये एका दुपारी पश्चिमेला काळे आले. इकडचा वळीव आपल्याकडल्यासारखाच असतो. आधी वारा पडतो, पाणी तेलासारखे होते, आणि मग एकदम सगळे अंगावर येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे शिडे उतरवायची ती आधीच. पुढचे शीड एका हाताने खाली ओढले, मोठे शीड दुसऱ्या हाताने, आडव्या काठीला बांधून टाकले आणि नांगर सोडला. नांगर उचलायला कोणाची मदत लागत नाही, एवढाच तो आहे. सगळ्याला पाच मिनिटेही लागली नसतील. मग मी आत रांगत गेलो आणि वीस मिनिटे गुडघे पोटाशी घेऊन बसलो. विजा जवळ पडत होत्या. मी घाबरलो होतो, पण करायचे काही उरले नव्हते.

पत्नी सप्टेंबरात आली. मी बोलावले नव्हते. डब्यात थालीपिठे होती.

असो. स्नेह्याचा प्रश्न राहिलाच. मी त्याला आकडा सांगितला नाही असे नाही. दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले, म्हणजे बावीस फुटीत रात्र काढणे कठीण आहे. पंचवीसच्या आसपास पाहा, सत्तावीसच्या पुढे जाऊ नको. सत्तावीस फुटी कॅटालिना ६,८५० पौंडांची आहे, म्हणजे बावीस फुटीच्या पावणेतीनपट. पाच फूट लांबी वाढवताना आपण हेही विकत घेतो, हे लिहून ठेव. पोटातल्या इंजिनापेक्षा मागे टांगलेले काढघाल करता येण्याजोगे इंजिन बरे. जाहिरातीतली लांबी विचारू नको, वजन विचार. कितीजणांना आत झोपता येते याऐवजी, कितीजण नसले तरी निघता येते ते विचार. हे सर्व त्याने लिहून घेतले असावे, कारण पलीकडे कागदाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "पण लोक म्हणतात, दोन वर्षांत लहान वाटायला लागते." वाटेल, मी म्हणालो. मलाही वाटते. दर ऑक्टोबरात अ‍ॅनापोलिसला जाऊन मी अजूनही पादत्राणे काढतो.

बोलून समाधान होईना, तेव्हा त्याला एका बुधवारी बोलावले. तासभर त्याने बोट छान चालवली. परतताना सुकाणूचा दांडा त्याच्याच हाती ठेवला आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. वारा नैर्ऋत्येचा होता. तो गाळ्याच्या तोंडाशी आला तो थोडा वेगातच आला. इंजिन उलटे टाकायला त्याला उशीर झाला आणि नाळ उजवीकडे वळू लागली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

पत्नी धक्क्यावर उभी होती. तिचे डावे मनगट अजूनही पावसाळी हवेत ठणकते आणि चपाती लाटताना ती ते जपते. नाळेचा कठडा तिच्यासमोर आला तेव्हा तिने तोच हात त्यावर ठेवला, बोटीबरोबर दोन पावले मागे गेली, आणि बोट थांबली. दोरी खांबाला अडकवून ती सरळ झाली. स्नेह्याने घाम पुसला. खाली वाकून त्याने आत एकदा पाहिले, मग मान वर करून म्हणाला,

"वहिनी, आत ताठ उभे राहता येत नाही ना हिच्यात?"

"नाही येत," ती म्हणाली. "चहा आम्ही बसूनच पितो."